सोलापूरच्या गच्चीवर मोरपंखी

डिसेंबरात नर्सरीत शंकूच्या आकाराचं, पोपटी रंगाचं, पानांवरून हात फिरवला की लिंबाचा वास येणारं एक झाड हमखास मांडलेलं असतं. ते घेऊ नका. गोल्डक्रेस्ट म्हणतात त्याला. त्याचं मूळ गाव अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरेच्या गार, धुकट समुद्रकाठी. जानेवारीभर ते आपल्या गच्चीत झकास दिसतं, गड्ड्याच्या जत्रेला आलेले पाहुणे कौतुक करतात आणि होळी झाली की ते आतून वाळायला लागतं. त्यात घेणाऱ्याचा काही दोष नसतो. ४२-४३ अंशांचा सोलापुरी उन्हाळा त्या झाडाला झेपतच नाही.

ख्रिसमस ट्री म्हणून विकतात त्या अरौकेरियाचंही तसंच. तो नॉरफोक बेटावरचा, दमट हवेतला. सावलीत ठेवून काही वर्षं निभावतो, पण मे महिन्यातल्या कोरड्या वाऱ्याने फांद्यांची टोकं करपतात. आणि तो मुळात ताडमाड वाढणारा वृक्ष. त्याला कुंडीत किती दिवस डांबून ठेवणार?

म्हणून कुणी विचारलं, की सोलापुरात लहान जागेत बारा महिने हिरवं राहील असं सूचिपर्णी झाड कोणतं, तर मी मोरपंखी सांगते. त्यातही बुटकी, आपोआप गोल बसणारी, टोकांना सोनेरी झाक असलेली. मी जुळे सोलापुरात राहते. खाली घरगुती शेंगाचटणीचं काम आणि वर गच्ची. गच्चीच्या एका अंगाला शेंगा वाळत असतात, दुसऱ्या अंगाला कुंड्या. नैऋत्येकडून ऊन आणि वारा दोन्ही सरळ अंगावर. तिथे मोरपंखी तगते, म्हणजे बहुतेक सोलापूरकरांच्या गच्चीत तगेल.

हे झाड उत्तर चीन, कोरियाकडचं. बीजिंगच्या जुन्या देवळांच्या आवारात याची शेकडो वर्षांची खोडं उभी आहेत, त्या शहराने याला शहरवृक्षाचा मानही दिला आहे. तिथे हिवाळ्यात पाणी गोठतं, उन्हाळा चांगलाच तापतो, आणि हे झाड खडकाळ, चुनखडीच्या उतारावर पाय रोवून उभं असतं. कोरडी हवा आणि चुनखडी, दोन्ही त्याला जन्मापासून माहीत. आपल्याकडे दुसरं आहे तरी काय!

नर्सरीत थुजा म्हणून मागितलं तरी हेच काढून देतात. लिनियसने १७५३ साली याला थुजा ओरिएंटालिस म्हटलं, १९४९ मध्ये ते वेगळं काढून प्लॅटिक्लॅडस नावाच्या स्वतंत्र वंशात घातलं, पण पाट्या अजून जुन्याच आहेत. हे सांगायचं कारण एवढंच, की ऑनलाइन मागवताना थुजा या नावाखाली अमेरिकन जातही येते आणि ती इथल्या उन्हात टिकत नाही. ओळखायची खूण सोपी आहे. आपल्या मोरपंखीच्या पानांचे पंखे कपाटात लावलेल्या पुस्तकांसारखे उभे असतात आणि दोन्ही बाजूंनी सारखेच हिरवे. अमेरिकन थुजाचे पंखे आडवे पसरतात आणि खालची बाजू फिकी. झाडाला फळं लागली असतील तर शंकाच नको. मोरपंखीची फळं बोराच्या बीएवढी, निळसर हिरवी, वरून राख फासल्यागत दिसणारी, आणि प्रत्येक खवल्याला बाहेर वळलेलं एकेक शिंग. शाळेत वहीत विद्या म्हणून ठेवायचो, ते पान याच झाडाचं.

बुटकी म्हणून देतात ती बुटकीच आहे का

इथेच जास्त लोक फसतात. साधी मोरपंखी जमिनीत लावली तर १५-२० फूट सहज जाते. तिचंच बियांपासून केलेलं एक वर्षाचं रोप छोटं आणि गोंडस दिसतं, आणि तेच बुटकी म्हणून गळ्यात मारतात. दोन वर्षांत ते कुंडीतून मान वर काढून उंच, किडकिडीत होतं. मग लोक शेंडा छाटतात आणि झाड आणखी विद्रूप होतं.

खरी बुटकी जात म्हणजे ऑरिया नाना. लंडनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीनेही तिला बागेसाठीचा आपला मानाचा शिक्का दिलेला आहे. ती अंड्याच्या आकारात वाढते, खालून रुंद, वर निमुळती. कुंडीत १० वर्षांनीही ३ फुटांच्या आसपास. ओळखायची तर बुडाशी बघा. जमिनीपासूनच अनेक फांद्या फुटून दाट गठ्ठा झालेला असतो. एकच सरळ खोड आणि दोन पंख्यांमध्ये बोट सहज जाईल इतकी मोकळी जागा दिसली, तर ती उंच जाणारी. शिवाय ही जात फांदीपासून करतात. बियांपासून केलेलं रोप आईवर जाईल याची खात्री नाही.

आमच्या नर्सरीवाल्या मामांकडे बरीचशी झाडं आंध्रातून, राजमहेंद्रीजवळच्या कडियमहून ट्रकने येतात. मामा तेलुगू, पण आमच्याशी अस्सल सोलापुरीत बोलतात. "घेऊन जावा की वहिनी, पण माती बघून घ्या," हे ते स्वतःच सांगतात. कारण तिकडच्या झाडांची मुळं चिकट चिखलमातीच्या गोळ्यात बांधलेली असतात. प्रवासात ओल टिकावी म्हणून ते बरोबर आहे, पण कुंडीत हा गोळा घात करतो. त्याबद्दल पुढे सांगते.

घेताना मी तीन गोष्टी करते. दोन्ही हातांनी पंखे बाजूला सारून आत बघते. आत थोडं तपकिरी असणारच, ते वयाने होतं. पण बाहेरून दिसणारे शेंडेच राखाडी हिरवे, निस्तेज असतील तर झाड परत ठेवते. मग एक पांढरा कागद धरून त्यावर फांदी झटकते, हलणारे बारीक ठिपके पडले तर लाल कोळी ही कीड आहे. आणि पिशवी उचलून बुडाची मुळं बघते. थोडी बाहेर डोकावत असतील तर ठीक, पण काळी पडून वास मारत असतील तर नको.

घ्यायची वेळ जुलै-ऑगस्ट. आभाळ असतं, भुरभुर असते, आणि आमच्याकडे पावसाचा खरा जोर सप्टेंबरात, तोवर मुळं थोडी धरतात. दुसरी वेळ दिवाळीनंतर. फेब्रुवारीनंतर कितीही स्वस्त मिळालं तरी हात आखडता घ्या.

मोरपंखी उशिरा सांगते

सगळ्या निगेचं मूळ या एका गोष्टीत आहे, म्हणून ही आधी समजून घ्या. जास्वंदीला पाणी कमी पडलं की दुपारी ती मान टाकते. तुम्ही धावत जाऊन पाणी घालता, संध्याकाळी ती ताठ होते. तुळस तर तासाभरात सांगते. मोरपंखीची पानं मात्र बारीक खवल्यांची, एकावर एक चिकटून बसलेली, कडक. ती कोमेजून खाली झुकतच नाहीत. मूळ मेलं तरी वरचा हिरवा रंग कितीतरी आठवडे तसाच राहतो. मग एके दिवशी अर्धी बाजू तपकिरी दिसते आणि आपण म्हणतो, कालपर्यंत तर चांगलं होतं! कालपर्यंत चांगलं नव्हतं. ते महिन्यापूर्वीच संपलं होतं, आपल्याला कळलं आज.

त्यातून वाईट असं, की तपकिरी रंग जास्त पाण्याने येतो आणि कमी पाण्यानेही येतो. दिसायला दोन्ही सारखंच. घाबरून माणूस आणखी पाणी ओततो, आणि जी मुळं कुजत होती ती पार कुजतात.

म्हणून डोळ्यांवर न जाता हातांनी बघायचं. कुंडीच्या कडेने एक बारीक बांबूची काडी चार-पाच इंच आत घालून ठेवा. काढली की ओली, माती चिकटलेली आली तर आज पाणी नाही. कोरडी, स्वच्छ आली तर घाला. छोटी कुंडी असेल तर एका बाजूने किंचित उचलून बघा. पाणी प्यालेल्या कुंडीचं वजन हाताला आठ दिवसांत पाठ होतं. आणि पानांचा शेंडा अंगठा आणि तर्जनीत धरून हलकेच वाकवायचा. निरोगी शेंडा लवचीक, किंचित गार लागतो आणि चोळला की राळेसारखा वास येतो. आजारी शेंडा कागदासारखा कोरडा वाजतो, रंग हिरवा असला तरी. फारच शंका आली तर फांदीची साल नखाने जराशी खरवडा. आत ओलसर हिरवं दिसलं तर जीव आहे, पिवळट कोरडं दिसलं तर ती फांदी गेली.

कुंडी आणि माती

कुंडी १२ ते १४ इंचांची घ्या. लहान रोपाला एकदम मोठ्या ड्रममध्ये घातलं तर जिथे मुळं पोचलेली नाहीत तिथली माती ओली राहून आंबते. साधी मातीची कुंडी मला सर्वांत आवडते, तिच्या भिंती श्वास घेतात आणि पाणी बाहेरून उडून कुंडी गार राहते. प्लास्टिकची घ्यायचीच असेल तर काळी नको. मे महिन्यात दुपारी काळ्या कुंडीला हात लावून बघा, मग मुळांचं काय होत असेल ते कळेल. उन्हाने मोरपंखीची पानं करपत नाहीत, तापलेल्या कुंडीत मुळं शिजतात. त्यावर उपाय घरातच आहेत. सिमेंटच्या किंवा प्लास्टिकच्या कुंडीला बाहेरून पांढरा रंग मारा. खाली तीन विटा ठेवा, म्हणजे स्लॅबची धग लागत नाही आणि भोकही मोकळं राहतं. आणि मार्च सरला की मी प्रत्येक कुंडीला जुनी, विरलेली सोलापुरी चादर दुमडून गुंडाळते, सुतळीने बांधते. सुती चादर सकाळी भिजवली की दुपारपर्यंत गारवा देते. सोलापूरकराच्या घरी जुन्या चादरींना काय तोटा!

मातीच्या बाबतीत एक नियम: रानातली काळी माती कुंडीत नको. कापसाला, ज्वारीला ती सोनं आहे, पण कुंडीत पाणी प्यायली की चिखल होते आणि वाळली की भेगाळते. भेगेबरोबर बारीक मुळं तुटतात. आमचं प्रमाण घमेल्याने चालतं. दोन घमेली तांबडी माती, एक घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक घमेलं जाड वाळू. बांधकामाची क्रश सँड मिळाली तर चाळून घ्या, खाली पडलेली पूड टाका आणि चाळणीत वर उरलेली खडी वापरा. फुटक्या विटांचा चुरा त्याहून छान. वरून दोन मुठी निंबोळी पेंड. कोकोपीट मी जपून वापरते. आमच्याकडच्या कोरड्या हवेत ते एकदा खडखडीत वाळलं की पाणी वरच्यावर ओघळतं, आत जातच नाही, आणि आपल्याला वाटतं पाणी घातलं.

लावताना कडियमचा तो चिखलगोळा तसाच ठेवू नका आणि पार धुऊनही टाकू नका. गोळा तसाच राहिला तर आजूबाजूची माती ओली आणि आतला गोळा कोरडा, किंवा उलटं, असा प्रकार होतो. सगळा धुतला तर बारीक मुळं जातात, सूचिपर्णी झाडांना ते सोसत नाही. गोळा तासभर बादलीत बुडवून ठेवा, मग काडीने किंवा बोटांनी बाहेरची साधारण एक तृतीयांश माती मोकळी करा. मुळांची टोकं बाहेर दिसली पाहिजेत. उरलेलं काम मुळं स्वतः करतील. झाड पिशवीत जितकं खोल होतं तितकंच कुंडीत बसवा. खोड मातीत गाडलं तर साल कुजते. वर दीड-दोन इंच जागा सोडा. खालच्या भोकातून पाणी येईपर्यंत घाला आणि दोन आठवडे सकाळचंच ऊन द्या, मग हळूहळू पूर्ण उन्हात.

मातीवर शेंगांची टरफलं पसरते मी, दोन बोटं जाडीचा थर. आमच्याकडे ती पोत्याने असतात. खोडापासून मात्र थर वीतभर नाही तरी चार बोटं लांब ठेवा, आणि वाळवी दिसली तर थर काढून टाका. खारवलेल्या शेंगांची टरफलं चालणार नाहीत, मीठ मुळांना लागतं.

पाणी कुठलं

किती आणि कधी हे काडी सांगते. मेमध्ये १२ इंचांच्या कुंडीला रोज सकाळी लागेल, पावसाळ्यात आठ-आठ दिवस लागणार नाही. घालाल तेव्हा भोकातून बाहेर येईपर्यंत घाला. रोज पेलाभर शिंपडलं तर वरची माती ओली, खाली ठणठणीत.

पण सोलापुरात प्रश्न असतो तो पाणी कोणतं, याचा. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, मधल्या दिवसांत बोअरचं. बऱ्याच भागांत बोअरचं पाणी जड, क्षारांचं. कुंडीच्या बाहेर पांढरी पुटं चढतात ती त्याचीच. मोरपंखी चुनखडी सोसते, पण मीठ साचलं की पंख्यांची टोकं तपकिरी होतात. म्हणून उजनीचं नळाचं पाणी आलं की आधी मोरपंखीला. आणि ज्यांच्याकडे एसी आहे त्यांनी त्याच्या नळीखाली बादली लावा. ते पाणी हवेतून गोळा झालेलं, जवळजवळ क्षार नसलेलं. आमच्या गल्लीतल्या बँकेच्या एसीचं पाणी वर्षानुवर्षं गटारात जायचं, आता शेजारच्या अक्का आणि मी वाटून घेतो.

कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी मात्र कुंडीत ओतू नका. पुष्कळ जण काटकसर म्हणून ओततात. कूलरमध्ये पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात, तेव्हा टाकीतलं पाणी बोअरपेक्षाही खारट झालेलं असतं. पाणी शुद्ध करायच्या मशीनमधून बाहेर पडणारं वाया पाणीही त्याच जातीचं. ते फरशी पुसायला ठेवा. बोअरचंच पाणी वापरावं लागत असेल तर महिन्यातून एकदा गोडं पाणी मिळेल तेव्हा कुंडीत दोनदा-तीनदा भरभरून ओतून निचरा होऊ द्या, साचलेलं मीठ धुऊन जाईल. सप्टेंबरचा पाऊस हे काम फुकट करतो, तेव्हा कुंड्या पत्र्याखाली असतील तर उघड्यावर आणा. कुंड्यांखालच्या बशा मात्र काढून ठेवा.

ऊन, वारा आणि कात्री

सहा तास ऊन हवंच. घरात, दिवाणखान्यात हे झाड ठेवायचं नाही, चार दिवस पाहुणे येणार असतील तेवढंच. सावलीत सोनेरी रंग आधी जातो, मग आतून विरळ होतं. पश्चिमेच्या भिंतीला चिकटवून ठेवू नका, भिंत रात्रीपर्यंत धग देते. एप्रिल-मेमध्ये दुपारी १२ ते ४ हिरवी जाळी ताणली की पुरे. दर पंधरा दिवसांनी कुंडी पाव वळण फिरवा, नाहीतर भिंतीकडची बाजू कायमची टक्कल पडते. कायमची म्हणते ते खरंच कायमची. तपकिरी, पानं गळालेल्या लाकडातून सूचिपर्णी झाडाला सहसा पुन्हा पालवी येत नाही. हाच नियम कात्रीलाही. हिरवं आहे तिथवरच कापा, वर्षाकाठी बोटभर, तेही जुलैत. बुटक्या जातीला तेवढीही गरज नसते. वाटेल तसा गोल चेंडू करायचा हट्ट मला स्वतःला आवडत नाही. पण तुमची हौस.

जून-जुलैत आमच्याकडे वारा सुटतो तो गच्चीवरच्या दोऱ्या तोडणारा. दाट मोरपंखी त्यात मधोमध फाकते, फांद्या बाहेर लोळतात आणि मग आतलं वाळकं पोट दिसतं. वारा सुरू होण्याआधी झाडाभोवती सैल सूत गुंडाळा, खालून वर, मळसूत्रासारखं. यंत्रमागावरचं उरलंसुरलं सुती सूत आपल्याकडे कुणाकडेही मिळतं. नायलॉनची दोरी नको, ती साल कापते. पाऊस ओसरला की सूत काढून टाका.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात आतली जुनी पानं तपकिरी होऊन गळतात. दरवर्षी त्या वेळी कुणी ना कुणी फोन करतं, झाड मेलं म्हणून. शेंडे ताजे असतील तर काही झालेलं नाही. हात घालून तो कचरा हलकेच झाडून काढा, कारण तो आत साचला तर पावसात ओल धरतो आणि उन्हाळ्यात कोळ्यांना आसरा देतो. थंडीत सोनेरी शेंड्यांवर किंचित तांबूस झाक आली तर तीही आजाराची नव्हे. फेब्रुवारीत निघून जाते.

खताचं फार मनावर घेऊ नका. जूनमध्ये आणि दिवाळीच्या आसपास दोन-दोन मुठी गांडूळखत, झालं. युरियाने पालवी लांब, लुसलुशीत फुटते आणि तिचा आकार बिघडतो. जड पाण्याने नवे शेंडे फिक्कट पिवळे पडले तर चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला सहज शोषता येईल अशा रूपातलं लोह, पाकिटावरच्या मात्रेने द्या. पण तुमची जात सोनेरीच असेल तर आधी खात्री करा, की तो आजार आहे की तिचा रंगच तो.

लाल कोळी

कीड म्हणाल तर हीच एक खरी. फेब्रुवारीपासून हवा कोरडी झाली की येते. आधी हिरव्या रंगावर धूळ बसल्यासारखं वाटतं, मग पानं करडी, मग विटकरी. आठवड्याला एकदा पांढऱ्या कागदावर फांदी झटकायची सवय ठेवा. पडलेले ठिपके बोटाने चिरडले आणि लालसर रेघ उमटली, तर तोच. पंपाने पाण्याचा जोरकस फवारा आतून-बाहेरून मारा, सकाळी लवकर. अंडी पाण्याने जात नाहीत, म्हणून चार-पाच दिवसांच्या अंतराने तीनदा मारायचा. तेवढ्याने नाही आटोक्यात आलं तर एक लिटर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि दोन-चार थेंब भांडी घासायचा साबण, ऊन उतरल्यावर. दुपारच्या उन्हात तेल मारलं तर पानं भाजतात. गंधकाची पूडही कोळ्यावर चालते, पण उन्हाळ्यात नको आणि तेलाच्या जोडीने तर मुळीच नको. कधीकधी पंख्यांना काड्याकचऱ्याच्या बारीक पिशव्या लटकलेल्या दिसतात, त्या झाडाची फळं समजून सोडू नका. आत अळी असते. हाताने तोडून साबणाच्या पाण्यात टाका.

जमिनीत लावायची असेल तर

अंगणात बुटकीला भिंतीपासून दोन-तीन फूट जागा पुरते. खड्डा फार खोल करण्यापेक्षा काळ्या मातीवर फूटभर उंच वरंबा करा, त्यात वाळू-मुरूम मिसळा आणि त्यावर लावा. सप्टेंबरात पाणी तुंबतं तेव्हा मुळं वर राहतात. पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावं लागेल, पुढे ती आपली आपण बघते.

कुंडी बदलणं आणि नवी रोपं

दोन-तीन वर्षांनी पाणी भोकातून झटकन खाली पडायला लागलं की समजा, कुंडीत मुळंच मुळं झाली. जुलैत ढगाळ दिवशी झाड काढा, कडेने गोल फिरलेली मुळं बोटभर कापा, दोन इंच मोठ्या कुंडीत नव्या मातीत बसवा. मोठी कुंडी ठेवायला जागा नसेल तर त्याच कुंडीत परत, मुळांचा बाहेरचा पाव भाग कमी करून. अर्धा नको.

नवी रोपं करायची तर ऑगस्टमध्ये. त्या वर्षीची, बुडाशी नुकतीच तपकिरी होऊ लागलेली अंगठ्याएवढी लांब डहाळी हाताने खाली ओढून तोडायची, म्हणजे तिच्याबरोबर जुन्या सालीची छोटी शेपटी येते. खालची पानं काढा, मुळं फुटायची पावडर लावा, धुतलेल्या जाड वाळूत खोचा आणि वर बुड कापलेली पाण्याची बाटली टोपीसारखी ठेवा, तोंड वर आणि झाकण काढून. सावलीत ठेवा. अक्का दर आठवड्याला विचारतात, "हिरवी आहे की ओ, लागली ना?" हिरवी असण्यावर काही नाही. मुळाशिवायही ती महिनोन्महिने हिरवी राहते. संक्रांतीच्या सुमाराला चिमटीत धरून हलकेच ओढून बघा. सहज वर आली तर बुड तपासा. काळं पडलं असेल तर फेकून द्या, पांढरट गाठ आली असेल तर परत खोचा. ओढ लागली, वाळू धरून ठेवते असं वाटलं, तरी तिला लगेच हलवायचं नाही. वाळूत अन्न नसतं, तेव्हा गांडूळखताचं पाणी पंधरा दिवसांनी एकदा द्या, उन्हाळाभर सावलीतच ठेवा, आणि कुंडीत लावायची ती पुढच्या जुलैत.